रॉकेट क्लबसाठी शांत स्वभावाचा दाखला

ती. वन्संना,

उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून केला असता, पण हे पत्र मी कापड बेतायच्या टेबलाशी उभी राहून लिहितेय. बसले तर उठून खिडकीशी जाईन आणि पत्र राहून जाईल.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता की कपाटात ठेवलात? टोचत असेल तर सांगा, आतून मऊ कापड लावून देते. जिना चढताना मधे थांबत जा. माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

शिवणाचं दुकान सुनेकडे देऊन आठ महिने झाले. सून गुणाची आहे, तिच्या हाताला वळण आहे, कॉलर तर माझ्यापेक्षा सरस बसवते (हे तिला सांगू नका). पण मी दुकानात पाऊल टाकलं की ती खुर्ची पुढे करते आणि म्हणते, आई, तुम्ही निवांत बसा. मुलगा म्हणतो बस. शेजारीण म्हणते, आता बसायचंच वय आपलं. अहो, चाळीस वर्षं पायाला भिंगरी असलेल्या बाईला एकदम बसवायचं म्हणजे काय! त्यातून तुमचा भाऊ गेल्यापासून माझे हात रिकामे राहिले की मला रडू येतं, वन्सं. तुमच्यापासून काय लपवायचं? म्हणून मी हात रिकामे ठेवतच नाही. घरातले सगळे पडदे दोनदा तुरपून झाले. मग फडक्यांना गोट लावले. आता सून म्हणते, या फडक्यांनी ओटा पुसायचा की ती फ्रेम करून लावायची?

अशात वाचनालयाच्या फळ्यावर हौशी रॉकेट क्लबची जाहिरात दिसली. तुम्ही म्हणाल, हिला या वयात हे काय भलतंच सुचलं! पण खाली सभासदांना मिळणारे फायदे छापले होते ते ऐका तर खरं. फोटोचं ओळखपत्र, महिन्याचं वार्तापत्र, रॉकेटच्या इंजिनांवर सवलत, वार्षिक सभेत एक मत, आठ खिशांचं जॅकेट आणि विमा. (विमा कशाचा म्हणून मी विचारलं. आपल्या रॉकेटने दुसऱ्याचं काही फोडलं तर त्याचा. आपल्याला काही झालं तर आपलं आपण बघायचं.) मी जाहिरात वाचली ती थेट आत जाऊन नाव नोंदवूनच बाहेर आले. आधी चहा घ्या, मग सावकाश विचार करा म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि इथे तर चहाही नव्हता.

जॅकेट मिळालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठातले तीन खिसे एकाच टिपेवर लोंबत होते! पहिल्याच मीटिंगमध्ये अध्यक्ष (हे दातांचे डॉक्टर, त्यामुळे समोरचा तोंड उघडेपर्यंत थांबायची सवय) नियम समजावत होते, तोवर मी टेबलाखाली माझं जॅकेट उसवून नीट शिवलंसुद्धा. मग शेजारच्याचं घेतलं. महिन्याभरात एकतीस जॅकेटं झाली. क्लबात माझा असा काही मान वाढला की विचारू नका.

आता खरी गोष्ट. हे रॉकेट म्हणजे एक पुठ्ठ्याची नळी. वर टोपण, खाली तीन पंख, पोटात इंजिन. ते वर जातं, मग आतल्या आत एक छोटा बार होतो, टोपण उडतं, घडी घातलेलं पॅराशूट बाहेर पडून उघडतं आणि स्वारी डुलत डुलत खाली येते. नव्या सभासदाने स्वतः बनवलेलं रॉकेट असं तीन संधींत एकदा तरी उतरवून दाखवायचं. जमलं तर तुम्ही उडवणारे सभासद. नाही जमलं तर प्रेक्षक सभासद. कार्ड तेच, जॅकेट तेच, विमाही तोच. फक्त मैदानाच्या कडेला दोरीमागे खुर्चीत बसायचं. वन्सं, ते वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. बसायचंच होतं तर सुनेची खुर्ची काय वाईट होती?

पॅराशूट मी असं शिवलं की डॉक्टरांनी ते उन्हात धरून पाहिलं आणि वा म्हणाले. कडेला दुहेरी शिवण, बारा दोऱ्या, एकही सूतभर लांब-आखूड नाही. इस्त्री केली, घडी घातली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने, घडी विस्कटू नये म्हणून तिला चार कच्चे टाके घातले. कोट देताना आपण घालतो ना, तसे. गिऱ्हाईक घरी जाऊन काढतं. आता आभाळात कोण काढणार? रॉकेट सुसाट वर गेलं, बार झाला, टोपण उडालं, पॅराशूट बाहेर आलं आणि माझी इस्त्रीची घडी जशीच्या तशी दोरीला लटकत, रॉकेटसकट दगडासारखी खाली आली. सुरक्षाप्रमुख शिट्टी वाजवायला नुकतेच खुर्चीतून उठले होते म्हणून वाचले. (हे पूर्वी पोहायला शिकवायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीच म्हणतात.) खुर्चीच्या कापडाला आरपार भोक. विम्याचे कागद निघायच्या आत मी ते रफू करून दिलं.

दुसऱ्या वेळी रात्रीचं नीट झोपून, शांत चित्ताने गेले. सगळे दोरीमागे, कळ डॉक्टरांच्या हातात. पाच झाले, चार झाले, आणि मला ते कच्चे टाके आठवले. टाके काढले का मी? वन्सं, पुढचं मला आठवत नाही. लोक सांगतात की मी दोरीखालून वाकून, हातात कात्री घेऊन रॉकेटकडे धावले. शिट्टींनी एवढी शिट्टी फुंकली की रस्त्यावरची बस थांबली. डॉक्टरांनी कळीची किल्ली काढून घेतली आणि उड्डाण रद्द केलं. आणि टाके? घातलेच नव्हते! पण संधी गेली ती गेलीच. आता रविवारची एकच उरली आहे, तीही कमिटीने द्यायची ठरवली तर. बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची वहिनी

ता. क. कमिटीची एक बारीकशी अट आहे. ही बाई स्वभावाने शांत असून सांगितल्या जागी उभी राहते, असा दाखला मला निदान वीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाने द्यायचा. मी तुमचं नाव दिलं. डॉक्टर तुमच्याच शाळेतले विद्यार्थी निघाले हो! मोठ्या बाई, असं म्हणून ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. म्हणाले, त्या खोटं लिहिणं शक्यच नाही. माझ्यामागे लग्नापासून तुम्ही काय काय म्हणत आलात ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. तुम्हाला त्रास नको म्हणून दाखला मीच लिहून सोबत जोडलाय, फक्त सही हवी. मन अगदीच खात असेल तर ‘शांत’च्या आधी ‘झोपेत’ असं घाला. (खरं तर तेही खोटंच. मी झोपेतसुद्धा पांघरुणाची कड चिमटीत धरून सरळ करत असते, असं तुमचा भाऊ सांगायचा आणि हसायचा.) पण वन्सं, मला दोरीमागे बसवू देऊ नका. तेवढं माझ्यासाठी करा.

ता. क. तिसरा. टपालाला तीन दिवस लागतात असं कळलं, म्हणून दोन बस बदलून मीच आले. हे तुमच्या जिन्यात उभी राहून लिहितेय. आता पत्र दाराखालून सरकवते. तुमचं वाचून होईपर्यंत बेल वाजवायची नाही, असं पक्कं ठरवलंय. एव्हाना दोनदा वाजली असेल, ती मीच. पण दार लगेच उघडू नका. आधी सही करा. मला समोर बघितलंत तर तुमच्याने ती होणार नाही.