सातमधलं बुद्धिबळ

गारखेडा, औरंगाबाद
११ एप्रिल २०१६

चि. स्वरदा हिस,
लक्ष्मणकाकाचे अ. आ.

फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तू नुसतं हो काका, हो काका म्हणतेस आणि माझ्या हाती पुरावा राहत नाही. वैजापूरच्या तहसिलीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या तुझ्या काकाला लेखी अभिप्राय लागतो. तो सवडीनं पण नक्की पाठव.

प्रकरण असं. पाच वर्षांपूर्वी तू मला तुझा जुना लॅपटॉप दिलास. त्यात विंडोज सात आहे आणि आमचं दोघांचं बरं चाललं आहे. पण हल्ली रोज सकाळी तो उघडला की कोपऱ्यात एक चौकट येते : दहा घ्या, फुकट आहे, एकोणतीस जुलैपर्यंतच आहे. मी रोज नको म्हणतो, ती रोज येते. खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब म्हणतात, घेऊन टाका. त्यांनी घेतलं आणि त्यांचा प्रिंटर बसला, तरी म्हणतात घेऊन टाका. अशा माणसाचा सल्ला कसा मानायचा?

माझी गरज ती केवढी. पेपर वाचतो आणि बुद्धिबळाचे दोन डाव खेळतो, एक चहाआधी, एक चहानंतर. यंत्र खेळायला चांगलं आहे. चाल परत मागत नाही, वाद घालत नाही.

नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. मागच्या मोकळ्या जागेत सात मजली इमारत उठते आहे. तिचं नाव जलतरंग ठेवलं आहे आणि टँकर सगळ्यात आधी तिच्याच दारात उभा राहतो. तुझी काकू बरी आहे. ती म्हणते, तुझ्या पत्रात पाण्याशिवाय काही असतं का. म्हणून इथंच थांबतो.

तुझा,
लक्ष्मणकाका


पुणे
२० एप्रिल २०१६

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या दिनांक ११ च्या पत्राच्या अनुषंगानं अभिप्राय सादर आहे. (बघा, तुमच्या सहवासात मीही बिघडले.)

अनुकूल बाजू : दहा नवं आहे, सुरक्षित आहे, पुढं बरीच वर्षं चालेल. प्रतिकूल बाजू : तुमच्या लॅपटॉपचं वय झालं आहे. तो दहा पेलेल, पण जिना चढताना आपले आप्पासाहेब थांबतात तसा मधेमधे थांबेल. घाई अजिबात नाही, सातसुद्धा आणखी काही वर्षं सांभाळलं जाणार आहे. घेतलं आणि नाही आवडलं, तर महिन्याच्या आत परत सातवर जाता येतं. महिना उलटला की नाही.

आता खरी गोष्ट. सातमध्ये बुद्धिबळाचा खेळ होता, तो दहामध्ये नाही. दुसरे खेळ मिळतात, पण तुमचे आजवरचे हार-जितीचे आकडे त्यात येणार नाहीत. हे मी लपवून ठेवलं असतं तर तुम्ही माझ्यावर चौकशी बसवली असती. तेव्हा काका, दहाचा विचार सोडून दिलात तरी माझी काही हरकत नाही.

काकूला सांगा, तिच्या लोणच्याची बरणी ऑफिसातल्या लोकांनी तीन दिवसांत संपवली. पाणी जपून वापरा, पण प्यायला कमी करू नका.

तुमची,
स्वरदा


गारखेडा, औरंगाबाद
४ मे २०१६

चि. स्वरदास,
काकूचे पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या काकाला न सांगता लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाक, कारण ते सापडलं तर त्याची फाईल होईल.

तुझा अभिप्राय त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला आणि खाली नामंजूर असं लिहून तारेला अडकवला. बुद्धिबळ जातं म्हणून नामंजूर. तुला वाटेल, खेळाची आवड आहे म्हातारपणी, असू दे. पण तू इथं असतीस तर ऐकलं असतंस. ते त्या लॅपटॉपला बन्सी म्हणतात. चुकला रे बन्सी, म्हणतात. आता कुठं पळशील बन्सी, म्हणतात.

बन्सीकाका तुला आठवत असेल. वैजापूरला असताना दर रविवारी आपल्याकडं कांदे घेऊन यायचा तो. नाही तर हे त्याच्या कांद्याच्या चाळीत जाऊन बसायचे. सव्वीस वर्षं खेळले. त्यांच्या खेळात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, पण त्याला आधी कधी शह बसलेला नसला तरच. चार वर्षांपूर्वी त्या एका उडीवरून जुंपली. हे म्हणाले, मी शह दिला होता. तो म्हणाला, नाय दिला. यांनी पट उधळला आणि तो काखेत मारून तडक घरी आले. त्यानंतर दोघंही एकमेकांचं नाव काढत नाहीत. आम्ही शहरात राहायला आलो तेव्हा तो भेटायलाही आला नाही, आणि त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला फार वाईट वाटतं गं. अशी मैत्री पुन्हा होत नसते या वयात.

आता ऐक. परवा मनकर्णाबाईचा फोन आला होता, म्हणजे बन्सीच्या बायकोचा. गावाकडची विहीर आटली म्हणून दोघंही गोकुळकडं, मुलाकडं, राहायला आलेत. कुठं? पुंडलिकनगरात! इथून चालत पंधरा मिनिटं. मी यांना सांगितलं, तर पेपर वर धरून म्हणाले, असेल. खोटा बन्सी घरात असला की खऱ्याकडं कशाला जातील?

म्हणून विचारते, त्या चौकटीत होय म्हणायचं असेल तर कुठलं बटण दाबायचं? सहज विचारते आहे.

तुझीच,
दमयंतीकाकू


गारखेडा, औरंगाबाद
२९ मे २०१६

चि. स्वरदास अ. आ.

घात झाला. काल सकाळी नळ आला, पाच दिवसांनी आला, म्हणून मी लॅपटॉप उघडा टाकून पिंपं भरायला धावलो. पिंपं, बादल्या, घागरी, कढयासुद्धा भरल्या. तासाभरानं परत आलो तर पडद्यावर टक्केवारी चाललेली. दुपारपर्यंत सातचं दहा होऊन बसलं होतं.

बुद्धिबळ नाही. दोन हजार चारशे बारा डाव झाले होते, त्यातले पाचशे सत्त्याण्णव मी जिंकलो होतो. त्याचं नामोनिशाण नाही.

दमयंतीला विचारलं तर म्हणते, मला काय कळतं त्यातलं. पण एंटरच्या बटणावर ज्वारीचं पीठ होतं. मी ते पुसलेलं नाही, पुरावा म्हणून ठेवलं आहे.

महिन्याच्या आत परत जाता येतं असं तू लेखी दिलं आहेस. तरी कृती तातडीनं कळव. सकाळी चहा नुसता पितो, आणि तो लवकर संपतो. घर मोठं वाटायला लागलं आहे.

तुझा,
लक्ष्मणकाका


पुणे
५ जून २०१६

ती. काका यांस शि. सा. न. वि. वि.

सोबत एक बंद पाकीट आहे. त्यात सातवर परत जायची कृती सहा ओळींत लिहिली आहे. अठ्ठावीस जूनच्या आत केव्हाही फोडा. तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही.

पण काका, तुमची पुतणी म्हणून चार शब्द. तुमच्या सकाळी रिकाम्या झाल्या त्या लॅपटॉपमुळं नाही. तुम्ही त्याला कुठल्या नावानं हाक मारत होतात ते मला ठाऊक आहे. कुणी सांगितलं हे विचारू नका, पाहिजे तर पीठ तपासा. त्या नावाचा माणूस पंधरा मिनिटांवर आहे. तोंडानं बोलणं जड जात असेल तर लिहा. लिहिण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही.

रागावलात तरी आशीर्वाद तेवढा कापू नका.

तुमची,
स्वरदा


पोस्टकार्ड
गारखेडा, १४ जून २०१६

मित्रवर्य बन्सी यास लक्ष्मणचा नमस्कार.

तुझ्या चाळीतला डाव अर्धवट राहिला. पट उधळला तो मी, हे आधी लिहून देतो.

मधल्या काळात एका यंत्राशी खेळलो. ते तोंडानं शह म्हणत नाही, नुसतं राजाखालचं घर लाल करतं. मला ते पहिल्यापासून खटकायचं. आपल्यात शह तोंडानं द्यायचा, न म्हटलेला शह हा शहच नव्हे. आता ते यंत्र गेलं आणि तो डाव सारखा डोळ्यांसमोर येतो. उंट लावला हे आठवतं. शह म्हणालो हे काही केल्या आठवत नाही. मनातच म्हणालो असेन. तेव्हा उडी तुझी होती. माझं चुकलं.

वहिनींना नमस्कार. पट माझ्याकडं आहे.

लक्ष्मण


गारखेडा, औरंगाबाद
२ जुलै २०१६

चि. स्वरदास अ. आ.

तुझं पाकीट न फोडता परत पाठवतो आहे. त्यावर शेरा मारला आहे, गरज उरली नाही, दप्तरी दाखल. दहा आता दमयंती वापरते. ती आणि मनकर्णाबाई त्यावर भरतकामाचे व्हिडिओ बघतात. पीठ पुसून टाकलं.

बन्सीला लिहिलेलं कार्ड पोचलं. नात संस्कृतीकडून ते त्यानं मोठ्यानं वाचून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी चार वाजता दारात हजर. बस म्हणायच्या आत भांडायला लागला. त्याचं म्हणणं, तुमी शह म्हणला व्हता लक्ष्मणराव, म्या सोता ऐकला व्हता, डाव हातचा चालला म्हून नाय म्हणलो, आन मंग चार वर्सं कोन्त्या तोंडानं येऊ. दमयंती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मग आम्ही तो जुना डाव आठवून आठवून मांडला. एका प्याद्यावरून थोडं वाजलं, बाकी सगळं दोघांनाही पाठ होतं.

फैसला मात्र अजून झालेला नाही. मी म्हणतो उडी घे, तो म्हणतो शह बसलाय, उडी नाय. आम्ही दोघंही मागं हटत नाही. गेले सोळा दिवस त्याचा राजा त्याच घरात उभा आहे. बन्सी रोज चारला येतो, दोन कप चहा होतो आणि आम्ही त्या राजाकडं बघत बसतो. गावाकडं पेरणीपुरता पाऊस झाला की त्याला जावं लागेल, पण डाव अर्धा टाकून जाणार नाही म्हणतो.

तू अभिप्राय देऊ नकोस. मला हा डाव संपवायची मुळीच घाई नाही.

आहे तो लोभ असाच वाढू दे.

तुझा,
लक्ष्मणकाका