दिव्याचे सहा तास

सातारा,
रविवार, दि. १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. दीपमाला हीस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी नियमित घेतो. चि. वीरधवलचा दर रविवारी फोन येतो, त्यामुळे सांगलीकडील खुशाली समजते. तुझ्या महाविद्यालयात प्रवेशांची धावपळ चालू असल्याचेही त्याच्याकडूनच कळले. येथे पाऊस माफक आहे.

तुला पत्र लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. हस्ताक्षर पाहून दचकू नकोस; वाईट वार्ता नाही. फोनवर मला प्रश्न विचारता येतात, उत्तरे देता येत नाहीत, म्हणून लिहीत आहे. विषय टाकीचा आहे.

तू लग्नात रुखवतावर मांडलेली तीन फुटी काचेची टाकी अद्याप बैठकीच्या खोलीत आहे. लाडू-चकल्यांच्या ताटांमध्ये पाणवनस्पती आणि मासे पाहून, ‘हे रुखवत आहे की मत्स्य खात्याचे प्रदर्शन?’ असे मी सर्वांदेखत म्हटले होते. तुझ्या सासूबाई मात्र पुढे तासभर त्या काचेसमोरून हलल्या नव्हत्या. तुम्ही गेल्या वर्षी तुझ्या नोकरीसाठी बिऱ्हाड सांगलीस हलविले तेव्हा टाकी येथेच राहिली आणि त्यांनी ती सांभाळली. मार्चमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून मी सांभाळीत आहे. ‘सांभाळीत’ हा शब्द कितपत योग्य, ते पुढील मजकुरावरून तूच ठरव.

त्यांच्या खताच्या बाटलीवर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे : ‘रविवारी आर्ध टोपण. पाणी बदलल्यावर.’ जूनपर्यंत मी तसेच केले. मग बाटली संपली. मृदा चाचणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे नोकरी केली. खत या विषयात कोणास विचारण्याची आवश्यकता मला भासली नाही. ठिबकमधून उसाला सोडतात ते एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत गावाकडच्या मळ्यासाठी आणलेले घरात होते. त्यातील दोन चमचे टाकीत विरघळविले. परीक्षणाशिवाय खत घालू नका, हे वाक्य मी शेतकरी मेळाव्यांतून किमान हजार वेळा उच्चारले असेल.

दुसऱ्याच दिवशी अकरापैकी सहा मासे पाण्यावर तरंगत होते. त्यांना जास्वंदीखाली पुरले. आठवड्यात पाणी रसवंतीतल्या उसाच्या रसासारखे हिरवे झाले, आणि झाडांच्या पानांवर केसांसारखे लांब शेवाळ चढले. मी ते रोज ओढून काढी. दुसऱ्या दिवशी ते तेवढेच असे.

अखेर काल बाटलीत ते पाणी घेऊन पोवई नाक्याजवळच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार लालासाहेब हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. तुझ्या सासूबाई त्यांच्याकडूनच सर्व वस्तू आणीत. मी झाला प्रकार सांगितला.

“आवं साहेब, ही काय उसाची आडसाली लागण हाय व्हय?” ते म्हणाले. “उसाचं खत माशास्नी! आता गाळपाला पाठवा त्यास्नी कारखान्यावर!”

दुकानातील दोन गिऱ्हाईके हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला.

“बरं, टाकीवरचा दिवा किती तास ठिवताय?”

“सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत.”

“सोळा तास? झाडास्नी सहा तास लय झालं. ती काय परीक्षेला बसल्यात?” मग त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. “दिवा कुणासाठी लावताय, साहेब?”

मी विषय बदलला आणि खताची नवी बाटली मागितली. ती त्यांनी दिली नाही. “आदी हिरवं जाऊ द्या, मग खताचं बगू,” म्हणाले. त्यांच्या सूचनेप्रमाणे आज निम्मे पाणी बदलले, दात घासण्याच्या जुन्या ब्रशावर शेवाळ गुंडाळून काढले, दिवा बंद केला आणि टाकी सोलापुरी चादरीने झाकली. तीन दिवस उजेड नाही, खत नाही. केवळ हवेचा पंप चालू.

यापुढे खताचे प्रमाण काय ठेवावे आणि तुझ्या सासूबाई कोणते खत वापरीत, हे तुला माहीत असेल. कृपया कळव. या पत्राचे कारण एवढेच.

बुधवार, दि. १३ ऑगस्ट

वरील शेवटचे वाक्य असत्य आहे. रविवारी पत्र टाकावयास टपाल पेटीपर्यंत गेलो आणि परत घेऊन आलो. नवीन कागदावर स्वच्छ प्रत काढण्याचा विचार होता, परंतु ते वाक्य तुझ्या नजरेस पडलेले बरे.

तीन दिवस टाकी झाकलेली होती. संध्याकाळी खोलीत कोणत्या दिशेला तोंड करून बसावे, हे मला समजेना. पंपाचा आवाज येई, दिसे मात्र चादर. चादरीवर नजर ठरेना; ती समोरच्या वेताच्या खुर्चीकडे जाई, जिच्यावर बसून तुझ्या सासूबाई टाकीकडे पाहत. तेव्हा लालासाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. दिवा झाडांसाठी नव्हता. त्या खुर्चीकडे पाहावे लागू नये, म्हणून मी सोळा तास तो उजेड पाहत होतो. शेवाळ त्या उजेडावर वाढले.

आता जे लिहावयाचे ते लिहितो.

तेराव्याच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, तू याच टाकीजवळ उभी होतीस. तू विचारलेस, “आप्पा, आई माझ्यावर रागावूनच गेल्या का?” मी म्हणालो, “आता त्या चर्चेने काय साध्य होणार?” आणि चष्मा पुसू लागलो. तू पर्स उचललीस. त्यानंतर तू या घरी आलेली नाहीस.

मला उत्तर ठाऊक होते.

जाण्याच्या आदल्या दिवशी, रुग्णालयात, पाणी पाजण्यासाठी परिचारिकेने त्यांच्या तोंडावरील प्राणवायूचा मास्क बाजूला केला होता. त्या म्हणाल्या, “आवं, दीपाला फोन लावा की. तिला म्हणावं, म्या रागावले न्हाई. पोरीनं जायलाच पायजे हुतं. तिची टाकी जपून ठिवलीया.” मी चाळीस वर्षे त्यांची रहिमतपूरची बोली सुधारीत राहिलो. हे शब्द मात्र त्यांनी उच्चारले तसेच लिहिले आहेत.

मी म्हणालो, “बरी झालीस की तूच सांग.” फोन माझ्या खिशात होता.

सांगलीस निघताना तुम्ही उंबऱ्यात उभे होतात, तेव्हाचे माझे वाक्य तू विसरली नसशील : ‘नोकरी एवढी मोठी वाटत असेल तर जा. यापुढे मात्र या घरी यायचे असेल तर आधी विचारून येत जा.’ तुझ्या सासूबाई तेव्हा गप्प राहिल्या. दम्याने आजारी सासूला सोडून गेल्याचा राग, असा त्या गप्प राहण्याचा अर्थ तू लावलास. त्या माझ्या भीतीने गप्प होत्या. त्यांचा निरोप तुला दिला असता, तर या घरात रागावलेला मनुष्य एकच होता, हे उघड झाले असते. म्हणून मी पाच महिने माझा राग त्यांच्या नावावर राहू दिला. गेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही, हे मला सोयीचे पडले.

तुझ्याकडे क्षमा मागावयाची, तर तिचा मसुदा मला जमत नाही. निरोप तेवढा पोहोचवितो. तो तुझा होता.

आज सकाळी चादर काढली. लालासाहेब मुद्दाम पाहावयास आले होते. पाणी स्वच्छ झाले आहे. पाचही मासे आहेत. तू आणलेले जावा फर्न हे पाण्यातले झाड, तुझ्या सासूबाईंनी काळ्या दोऱ्याने लाकडाच्या तुकड्यास बांधलेले, ते जगले आहे. त्याचे सर्वांत जुने पान शेवाळाने पूर्ण काळे पडले होते, म्हणून मी कात्री घेतली.

“थांबा, थांबा!” लालासाहेबांनी माझे मनगट धरले. “टोकाला बगा की!”

त्या काळ्या पानाच्या टोकास नखाएवढी तीन हिरवी पाने आणि दोऱ्यासारखी मुळे फुटली आहेत.

“पिल्लू हाय. आपलं आपण सुटंस्तवर हात लावू नगा.”

मी कात्री ठेवून दिली. सुटण्यास महिना-दीड महिना लागेल, असे ते म्हणतात. ते रोप तुझे आहे. टाकीही तुझीच आहे. सांगलीस न्यावयाची असेल तर ने, येथे राहू द्यावयाची असेल तर मला शिकव.

दिवा आता दुपारी बारा ते सहा एवढाच लावतो. त्या वेळेत आलीस तर सर्व नीट दिसेल. इतर वेळी आलीस तर तुझ्यासाठी लावीन.

आधी विचारू नकोस.

आप्पा