उदाहरणासाठी दिलेला नंबर

किन्हवली,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताईस,

नमस्कार. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. दिशाला मावशीचा पापा, तिचा खोकला गेला का? इथे झोडणी उरकत आली, अंगणभर तूस उडतंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडू नकोस, आधी वाच.

मंगळवारी तू आलीस ते काय होतं, हे मलाच अजून धड कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिते.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. सर्व्हर म्हणजे कंपन्यांनी भाड्याने घेतलेले, दूर कुठेतरी ठेवलेले मोठे कॉम्प्युटर. ते चालू आहेत की बंद पडलेत, यावर नजर ठेवणारं एक साधन आमच्या कंपनीने बनवलंय. ते कसं वापरायचं, याची माहिती मी लिहिते. वाचणारी माणसं नसतात, एआय एजंट असतात, म्हणजे माणसाऐवजी काम करणारे प्रोग्राम. हे फार आज्ञाधारक, आणि तेवढेच खुळे. त्यांना नुसतं सांगून भागत नाही, उदाहरण द्यावं लागतं. उदाहरणातल्या सर्व्हरला काय नाव द्यावं सुचेना, म्हणून माझंच, 'कुणाली' दिलं. पुढे होतं, तो बंद पडला तर कोणाला फोन करायचा. तिथे खोटा नंबर घालायचा असतो. माझ्या हातून तुझा पडला. आई गेल्यापासून जिथे कुठे असं विचारतात तिथे तुझाच देत आले, बोटं आपोआप चालली. फोन मराठीत करावा, हेही मीच लिहिलं.

मंगळवारी ते लिखाण चाचणीसाठी एका एजंटला दिलं. उदाहरण हे उदाहरण आहे, हे त्याला कळलंच नाही. तो 'कुणाली' शोधत बसला. असा सर्व्हर नव्हताच, सापडणार कसा? मग नियमाप्रमाणे त्याने तुला फोन लावला. "कुणाली प्रतिसाद देत नाही. ताबडतोब लक्ष द्या."

चूक त्याची की माझी, यावर ऑफिसात अजून वाद चाललाय. साहेब तर हसले. मला हसू येईना. कारण तू मला लगेच फोन केला होतास, होळीनंतर पहिल्यांदा. घरूनच कॉम्प्युटरवर मीटिंग होती म्हणून माझा बंद. आणि तू मुरबाडहून रिक्षा करून पोचलीस, तेव्हा मी कानाला हेडफोन लावून खिदळत होते. तू चप्पलही काढली नाहीस. "मस्करी करतेस माझी?" एवढंच बोललीस आणि त्याच रिक्षाने गेलीस. मी अनवाणी नाक्यापर्यंत आले होते गो.

मस्करी नव्हती, ताई. आईची शपथ.

आता गोंधळ असा, की रागावलेलं माणूस एवढं धावत येतं का? आणि आलंच, तर पाणीही न पिता जातं का?

होळीला तुझ्या दिराला मी नकार दिला ते तुला लागलं, हे कळतं. एका घरात दोघी बहिणी जावा, हे तू केव्हापासून मनात धरलं होतंस. सासरी तुला किती ऐकून घ्यावं लागलं असेल. रितेश माणूस वाईट नाही. पण माझं मन नव्हतं, आजही नाही. ते बदललंय म्हणून हे पत्र नाही, आधीच सांगते, नाहीतर तू भलतीच आशा लावशील.

मग पत्र कशाला? काल शेजारची धोंडूकाकी उंबरमाळीहून, लेकीकडून परत आली. मंगळवारची हकिगत ऐकून तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आधी मलाच फोन लावत आसंल ती. तिकडं रेंज नाय. दर रविवारी लावते, पोरी. कुणाली जेवली का, बरी हाय का, एवढाच इचारते. तुला सांगू नको म्हनलेली."

ताई, मी इथे एकटी कुढत होते, की तू मला टाकलंस. आता रागावू की रडू, कळत नाही. दोन्ही करून झालं.

तुझा नंबर लिखाणातून काढलाय, पुन्हा तसा फोन येणार नाही. म्हणजे तुला धावत यायला कारण उरलं नाही. तरी ये. रितेशचं नाव काढणार असशील तरी ये, मी पुन्हा नाही म्हणेन आणि आपण भांडू. आणि येत्या रविवारी काकीला फोन करू नकोस. मला कर.

वालाचं बिरडं नि भात पोटभर जेवलेली, बरी असलेली,
तुझी
कुणाली