शंभरपैकी शंभर

प्रिय चिमे,

दोन कागद फाडून झाले. दोन्हींची सुरुवात अशी झाली होती, जणू गेटवर हजार माणसं जमली आहेत आणि मी टेबलावर चढलो आहे. तू लहानपणी म्हणायचीस की बाबा पाणी मागतानासुद्धा भाषण करतात, आणि आई म्हणायची, करू दे की, पेला मात्र स्वतःचा स्वतः विसळायचा. म्हणून हे तिसरं पत्र खाली बसून, आवाज न चढवता लिहितो आहे.

आईकडून कळलं की तू राजीनामा दिलास. ती म्हणाली, पोरगी एकच गोष्ट सांगते, की माझ्या प्रोग्रामने काकाला काही शिकवलं नाही, मग तो दुसऱ्या कुणाला विकण्याचा मला हक्क नाही. आईला वाटतं की ही दुःखातली भाषा आहे, महिन्याभरात निवळेल. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे, तो माझाच आहे. एकदा स्वतःला दोषी ठरवलंस की अपील चालत नाही.

कारखाना पुन्हा सुरू झाला. दोन नंबरचं मशीन धडधडतं आहे, कागदाचे रोल बाहेर पडत आहेत. लगद्याच्या टाकीभोवती पिवळी पट्टी लावली आहे आणि तिच्या बाजूने जाणारा प्रत्येक जण उगाचच पावलं भरभर उचलतो. तुझी काकू परवा काकाचं लॉकर रिकामं करायला आली होती. आत एक टॉवेल, चष्म्याची काडी मोडलेली फ्रेम आणि तू पाठवलेला तो निळा मफलर होता, घडीसुद्धा न मोडलेला. ती म्हणाली, मळेल म्हणून घालत नव्हते. एवढं बोलून पिशवी घेऊन चालू लागली.

तू शिकूनसवरून व्हिडिओ गेम बनवायच्या कंपनीत लागलीस, तेव्हा मी तुला काय काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. जगभरच्या कामगारांच्या लढ्यांची पुस्तकं वाचून वाढलेल्या माणसाच्या मुलीने बंदुकांचे खेळ रंगवावेत, हे मला तोंडात मारल्यासारखं वाटलं होतं. तुझी बाजू घरात एकट्या काकाने घेतली. माझ्याहून सात वर्षांनी लहान, माझ्यासमोर कधी पायावर पाय टाकून न बसलेला माणूस त्या दिवशी म्हणाला, दादा, तुझी पुस्तकं तरी कुठे खरी माणसं आहेत, पण तू शिकलासच ना त्यांच्याकडून. मी त्याला गप्प केलं. मी गप्प केलं की तो गप्प व्हायचा, ही त्याची सवय होती. हीच सवय पुढे नडली.

मग आमच्याच कारखान्याने तुमच्या कंपनीला काम दिलं. तुमच्या खेळांतला, डोळ्यांपुढे खोटं जग उभं करणारा चष्मा चढवून कामगारांना टाकीतल्या वायूपासून वाचायला शिकवायचं. तू दोन आठवडे इथे होतीस आणि काका तुला सगळीकडे फिरवत होता. कुठला व्हॉल्व्ह अडकतो, शिडीची कितवी पायरी हलते, लगदा चार दिवस पडून राहिला की सडक्या अंड्यांसारखा वास कसा सुटतो आणि वायू वाढला की तोच वास येईनासा होतो, हे सगळं त्याने तुला सांगितलं. बावीस वर्षांची नोकरी त्याने तुझ्या ओंजळीत ओतली. घरी येऊन म्हणायचा, पोरीने आपला कारखाना जसाच्या तसा आत भरलाय रे दादा, गंजसुद्धा सोडला नाही.

मी त्याच आठवड्यात गेटवर सभा घेतली. लोखंड हाताने शिकायचं असतं, हवेत हात हलवून नाही, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. कंपनीने दर शनिवारी दोर बांधून सराव करून घेणाऱ्या जुन्या फोरमनला घरी बसवलं होतं आणि त्याच्या जागी चष्म्यांची एक खोली उघडली होती. ते चूक होतं. त्या मुद्द्यावरून मी आजही मागे हटणार नाही. पण फोरमनला परत आणा म्हणून लढायचं सोडून मी चष्म्यावरच तुटून पडलो. आता स्वतःला विचारतो, तो चष्मा तुझा नसता तर मी एवढा पेटलो असतो का? उत्तर मला माहीत आहे.

इथून पुढचं तुला माहीत नाही. आमच्या युनियनने चष्म्याच्या प्रशिक्षणावर बहिष्कार जाहीर केला तशी कंपनीने नोटीस लावली, प्रशिक्षण न घेणाऱ्याला गेटच्या आत प्रवेश नाही. मला माघारही घ्यायची नव्हती आणि माणसं घरी बसवायचीही नव्हती. मग मी एक शक्कल काढली. आमच्या क्रेन ऑपरेटरला सगळे उस्ताद म्हणतात, चाळिशी उलटली तरी मोबाइलवरचा खेळ सोडत नाही. मी त्याला बिल्ला नंबरांची यादी करून दिली. चार दिवसांत त्याने एकट्याने त्रेसष्ट जणांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. प्रत्येकाचा नंबर टाकायचा, चष्मा चढवायचा, प्रोग्राममधल्या सातही पायऱ्या बिनचूक पार करायच्या. कॅन्टीनमध्ये हसून पुरेवाट. उस्ताद, आज मला वाचवलंस की मारलंस? तो म्हणायचा, तुला मुद्दाम नव्वद दिलेत, तुझ्या तोंडाला शंभर शोभत नाहीत. सेफ्टी ऑफिसरला आकडा हवा होता, तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला वाटलं, मी कंपनीला तिच्याच कागदावर हरवलं.

त्या यादीत काकाचा बिल्ला होता. तो माझ्याकडे आला होता, म्हणाला, दादा, माझं नाव काढ, मला करून बघायचंय, मी सांगितलेलं तिने कसं मांडलंय ते तरी बघू दे. मी म्हणालो, युनियनच्या सेक्रेटरीचाच भाऊ बहिष्कार मोडणार असेल तर मी उद्यापासून गेटवर तोंड कसं दाखवू? त्याने डबा उचलला आणि पाळीवर गेला. त्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तू विचारलंस, काका, खेळलास का? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाला, शंभरपैकी शंभर गं, फार छान झालंय. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो गुडघ्यावरचा कसलासा डाग खरवडत राहिला.

त्यानंतर चौथ्या महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी पाच दिवस बंद होता. टाकीत लगदा तसाच राहिला. फिटर खाली उतरला आणि मधल्या जाळीवर कोसळला. काका वर उभा होता. हाताच्या अंतरावर भोंग्याचं बटण होतं, भिंतीवर श्वासाचा संच टांगलेला होता. त्याने दोन्हींकडे बघितलं नाही, तो थेट उतरला आणि भोवळ येऊन जाळीच्याही खाली गेला. अकरा मिनिटांनी दोघांना वर काढलं. फिटर वाचला.

तेराव्या दिवशी तू लॅपटॉपवर त्याचा बिल्ला नंबर काढून बघत होतीस. सातही पायऱ्या बरोबर. तू मान वर करून मला विचारलंस, बाबा, काकाने हे नीट केलं होतं ना? आणि मी हो म्हणालो. आयुष्यभर मी लांबलचक बोलत आलो, पण माझ्या हातून सगळ्यात मोठं पाप एका अक्षरात झालं.

गेल्या मंगळवारी मी त्या खोलीत गेलो. तिथल्या क्लार्कने काही न विचारता चष्मा हातात दिला. टाकी दिसली, गंज दिसला. मग खालून हाक आली, अरे, हात दे, लवकर. तो आवाज काकाचा होता. तू त्याचाच आवाज भरला आहेस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उतरलो. डोळ्यांपुढे काळोख झाला, फक्त माझा श्वास ऐकू येत होता, मग तोही थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदाही उतरलो. सगळं माहीत असून. चौथ्या वेळी बटण दाबलं आणि काठावर उभा राहिलो. तो हाका मारत होता आणि मी संच चढवत होतो, पट्टे आवळत होतो, दोर कुणाच्या तरी हातात देत होतो. चिमे, जिथे रक्त ओढतं तिथे पाय रोवून उभं राहायला हात लागत नाहीत, सराव लागतो. तू तोच देत होतीस. मी त्याला पोरखेळ म्हणालो.

चौकशी समितीचा कच्चा अहवाल आला आहे. त्यात लिहिलं आहे, प्रशिक्षित कामगाराचा निष्काळजीपणा. आधार म्हणून ते शंभर गुण जोडले आहेत. उद्या अकरा वाजता माझी साक्ष आहे. तिथे मी बिल्ल्यांची यादी माझ्या अक्षरातली आहे असं सांगणार, आणि ती ठेवणार त्यांच्यापुढे. युनियनचा राजीनामा लिहून ठेवला आहे. पुढे जे व्हायचं ते होईल. आज सकाळी तुझ्या काकूला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिच्यानंतर हे कळण्याचा हक्क तुझा, आणि ते वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून हे पत्र. तुझं काम तुझ्या काकापर्यंत पोहोचलंच नव्हतं, मी वाटेत उभा होतो. तुझा राजीनामा परत घे. मला माफ कर असं लिहीत नाही, कारण तसं लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

त्याचा भाऊ आणि तुझाच,
बाबा