पाइनची खाट

भोसरी, ४ फेब्रुवारी १९७५
आलो एकदाचा! कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर, आणि गोजाबाईंच्या चाळीत स्वतंत्र खोली. गाव म्हणजे धूळ आणि भोंगे. माणसं त्याहून दिव्य. जपानहून आलेल्या मशिनच्या पेट्या फोडल्या की ही मंडळी त्या फळ्यांची दारं, कपाटं, देव्हारेसुद्धा करतात. हसू आलं. पण पांढरंशुभ्र पाइन पाहून मीही धोंडीबा सुताराकडून खाट करून घेतली. माहेरी बाळंत झालेली माझी कस्तुरा महिनाअखेरीस बाळाला घेऊन येणार. ती काय या लोकांसारखी सुतळीच्या बाजेवर झोपेल?

९ फेब्रुवारी
खाटेच्या पायात करकर. पोखरून पाहिलं, तर भुंगेऱ्याचे कोष. कॉलेजात कीटकशास्त्र शिकलोय, लगेच ओळखलं. या लाकडात डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. भुंगेरा कोषात घडत असतो, तोवर ते त्याच्या खोलीच्या भिंतीला चिकटून उपाशी वाट पाहतात. तो कात टाकून पुरा झाला की त्याच्या श्वासनळ्यांत शिरतात. मग हे गाढव उडतं आणि त्यांना कोवळ्या झाडावर पोचवतं. आपण काय वाहतोय, हे त्याला कळतही नाही. असला बिनडोक हमाल! सगळे कोष रॉकेलमध्ये बुडवून मारले. धोंडीबा म्हणाला, किडकं लाकूड घरात नगं, जाळून टाका. अडाणी कुठला!

१५ फेब्रुवारी
छातीत खरखर. गोजाबाई म्हणतात, आवाज छातीतून न्हाई, खाटेतून येतुया. बाईंच्या कानांची कीव आली. उशाच्या भिंतीवर मात्र ओलसर चकाकी आहे. पुसायला बोट नेलं, तर ती बोटाकडे सरकली.

१९ फेब्रुवारी
हमाल तर मी मारले. मग भिंतीवरचे हे कृमी कुणाची वाट —
अंगाची साल निघतेय. खाली नवी, गुळगुळीत. खोकला एकदम थांबला. श्वास चालतो, पण मी घेतल्यासारखा वाटत नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

२१ फेब्रुवारी
कस्तुराला तार करायला गेलो. येऊ नकोस, एवढंच लिहायचं होतं. फॉर्म खिडकीतून आत सरकवला तेव्हा वाचलं — लवकर ये. बाळाला आण.

२३ फेब्रुवारी
आतून कुलूप लावलं. किल्ली खिडकीतून गटारात फेकली — फेकली असं वाटलं. मुठीतच आहे.
बाहेर कस्तुरा. गोजाबाई तिला सांगताहेत, आत जाऊ नगंस. बाळ रडतंय. किती कोवळा वास —
त्या भुंगेऱ्याला कळत नसतं. मला कळतंय. सगळं कळतंय, तरी हात कुलपा —