डोळ्याखालचा भोवरा

आप्पा, तुमच्या नातीचं लग्न ठरलंय आणि एका घोडीपायी माझं डोकं चालेनासं झालंय. जावई आमच्याच घोडीवर बसून मांडवात यावा, असा पोरीचा हट्ट आहे. घोडी गुणाची आहे, पण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. त्याचा अर्थ मला तुम्हीच शिकवलात, म्हणून विचारणार कुणाला, तर तुम्हालाच.

होटगी स्टेशनचा तुमचा टांगा आठवतो. मी तुमच्या शेजारी बसलोय, पहिल्यांदाच लगाम माझ्या हातात आहे. रस्त्याकडेला नाल्याचा खड्डा आहे आणि मला तेवढा एकच दिसतोय. चाक तिकडंच सरकतं. मागं बसलेली बाई ओरडते. तुम्ही लगाम हिसकावून घेत नाही, माझ्या मुठीवर नुसता हात ठेवता. "खड्ड्याकडं बघतुयास आन् रस्ता मागतुयास व्हय रं? जायचं कुटं हाय, तितं बघ की. घोडं बी मग तितंच बघतंय." मी मान वर करून लांबच्या लिंबाकडं पाहिलं आणि टांगा सरळ झाला. हात तर मी हलवला नव्हता. हे कसं घडलं ते तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं कळलेलं नाही.

पण तेच तुम्ही अकलूजच्या बाजारात, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, एका देखण्या घोड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवता आणि मागं सरता. "आसूढाळ हाय. डोळ्याखाली भवरा म्हंजे रडतं जनावर. दारात बांदलं की घरात रडं." विकणारा चिडतो, "मालक, पाय बघा की, तोंड काय बघतासा!" तुम्ही म्हणता, "रोज सकाळी उटून मला तोंडच बघायचं असतंय बाबा." आजूबाजूचे हसतात, मीही हसतो. बाजारातून निघताना मात्र त्या घोड्याला तुम्ही दोनदा वळून पाहिलंत, हे माझ्या ध्यानात राहिलंय.

तुमच्या माघारी टॉवेलचा कारखाना बंद पडला आणि माझा माग सुटला. त्या वर्षात मला गेलेलंच सारखं दिसायचं. घरात कुणी भांडं आपटलं तरी मी भडकायचो. ही घोडी तेव्हाच मिळाली. एक वरातीवाला ती विकायला निघाला होता आणि भोवरा बघून कुणी घेत नव्हतं. मीही तो पाहिला, त्याच्यावरून अंगठासुद्धा फिरवला आणि तरी तिला घेऊन आलो. का, ते सांगता येत नाही. मी रागात पागेत शिरलो की ती कान मागं टाकून भिंतीला चिकटायची. दाणा दाखवला तरी यायची नाही. मग मी दारातच उभा राहून, श्वास जागेवर येईपर्यंत मनात 'नमः शिवाय' म्हणायचो. तेव्हा कुठं ती खरारा करू द्यायची. तिला उगाच फसवता येत नव्हतं, त्यामुळं मलाच खरोखर शांत व्हावं लागायचं. तुमची सून म्हणते, "घोडीनं माणसात आणलं तुमाला, देवानं न्हाई." मी म्हणतो, दोघांनी मिळून.

पुढं तिला घेऊन मी वरातीची कामं करू लागलो. एकदा नवी पेठेत वरात अडकली होती. कुणीतरी घोडीच्या पायापाशीच फटाक्याची माळ लावली. घोडी बुजली, नवरदेव पांढराफटक पडला. माळेकडं बघायचं नाही, एवढंच मला सुचलं. कोपऱ्यावरच्या सराफाच्या दुकानातल्या दिव्यावर नजर लावून मी चालायला लागलो. लगाम ढिलाच होता. ती माझ्या खांद्याला तोंड घासत मागून आली. त्या रात्री तुम्ही हवे होतात.

परवा आत्या आली. मोतीबिंदूमुळं तिला आता फारसं दिसत नाही, पण घोडीची गोष्ट तिनं कुणाकडून तरी ऐकली होती. "तुज्या बापानं असलं जनावर दारात उभं केलं न्हाई. आन् तू त्येच्यावर जावई बशिवतूस? शानपन इकलंस व्हय?" चहा घेऊन आलेली पोरगी उभ्या उभ्या म्हणाली, "आज्जी, इतकी वर्सं लोकांची पोरं बसली की तिच्यावर. ती चालली व्हय?" आत्या म्हणाली, "लोकांचं लोक बगतील." आणि बशी तोंडाला लावली.

पोरगी माझ्याकडं पाहत राहिली. भोवऱ्याचं खरं असेल, तर एवढ्या नवरदेवांना मी कसल्या जनावरावर बसवलं? आणि खोटं असेल, तर माझ्याच पोरीच्या वेळी माझा पाय का अडतो? व्याह्यांना मी फोन करून सगळं सांगितलं. ते हसले. "आमच्या म्हशीला बी भवरं हायती, दूद देतीय की. तुमची घोडी, तुमीच ठरवा." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात.

सकाळी पूजेला बसतो, पण हातातल्या इष्टलिंगावर नजर ठरत नाही. जायचंय तिकडं बघ म्हणणारे तुम्हीच आणि आसूढाळ ओळखायला शिकवणारेही तुम्हीच. एकाच माणसाचे हे दोन्ही शब्द मला सारखेच प्रिय आहेत, आणि लग्नात त्यातला एकच पाळता येणार आहे.

शेवटी काल पोरीला सांगितलं, आपलीच घोडी. ती नाचली. लगामही मीच धरणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट लिहून मोकळा होतो. पोरीला होकार दिल्यावर मी साजवाल्याकडं गेलो आणि घोडीच्या तोंडावरची झालर नेहमीपेक्षा चार बोटं लांब, डावा डोळा संपतो त्याच्या खालपर्यंत शिवायला सांगितली. मांडवात भोवरा ओळखणारं कुणी नसेल. आत्याला तर दिसतच नाही. तरी सांगितली, आप्पा. तुम्ही बघाल म्हणून.