पाच खाने

३ मार्च, मंगळवार

कोर्टाचा कागद आला. सतरा तारखेला साक्षीला बोलावलंय, तीन नंबरच्या केसमध्ये.

तीन नंबर म्हणजे खाट. बाळंतिणींना आम्ही खाटेच्या आकड्यानेच ओळखतो. ती तिसऱ्या खाटेवर होती, पहिलटकरीण. तीन वर्षं झाली. बाळ निळं पडून आलं, रडलंच नाही. मुलगी आहे. अजून मान धरत नाही म्हणे. आईने हॉस्पिटलवर दावा लावलाय — बाळंतपणात दुर्लक्ष केलं म्हणून.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला?" आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

कर आहे, म्हणूनच डर.

५ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलच्या वकिलांनी बोलावलं. मेट्रनही होत्या. टेबलावर माझा चार्ट. दर अर्ध्या तासाने पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे आणि खान्यात आकडा लिहायचा, असा तो कागद. वकील खुशीत होते. "बाई, या कागदावर अख्खी केस उभी आहे. तीन वाजेपर्यंत ठोके उत्तम. म्हणजे इथे काही बिघडलं नाही. दोष आधीचाच, आईच्या पोटातला."

मी नंदीबैलासारखी मान हलवली.

बाहेर आल्यावर मेट्रनना म्हटलं, ते खाने मी मागाहून भरलेत. त्या चालता चालताच म्हणाल्या, "मग? इथे कोण धुतल्या तांदळाचं आहे? सगळ्याच भरतात." खरं आहे. आधी पेशंट, कागद मागाहून — नव्या पोरींना हे मीच शिकवते. पण त्या दिवशी मी पेशंटही बघितला नव्हता. हे मेट्रनना बोलले नाही.

८ मार्च, रविवार

लिहूनच टाकते. इथे तरी खोटं नको.

त्या दुपारी चार जणी होत्या आणि मी एकटी. जोडीदारीण रजेवर. साडेबाराला तीन नंबरचे ठोके ऐकले, ठीक होते. मग एक नंबरची अडली, तिच्यात दीड तास गेला. इथवर माझी बाजू आहे. कुणीही समजून घेईल.

दोन वाजता मोकळी झाले. हात धुतले. डबा खाल्ला. बहिणीचा फोन आला — तिच्या सुनेच्या कागाळ्या! पाऊण तास ऐकत बसले, मधेमधे हसतसुद्धा होते. तीन नंबरने दोनदा हाक मारली. "सिस्टर, बाळ हलत नाहीये." मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "पहिलटकरणींना असंच वाटतं. उगाच आरडाओरडा करू नका."

तीन दहाला गेले. ठोके ऐंशी. एकशेदहाच्या खाली आले की धावाधाव करायची असते. मग धावले, डॉक्टर मॅडमना बोलावलं, बाळ चिमटा लावून ओढून काढलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाच वाजता चार्ट भरला. एक ते तीन, पाच खाने. १४०, १३८, १४२, १४४, १४०. सगळीकडे एकशेचाळीस टाकलं असतं तर संशय आला असता, म्हणून थोडं कमीजास्त केलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

१६ मार्च, सोमवार

उद्या. खरं ते सांगायचं. ठरलं.

१७ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं.

तिच्या वकिलाने विचारलं, "हे आकडे त्या त्या वेळी ठोके ऐकून लिहिलेत?" मी म्हटलं, "हो." संपलं. वर न्यायाधीश म्हणाले, इतका नीटनेटका कागद क्वचित बघायला मिळतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर जिन्यापाशी ती उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. तीन वर्षांचं पोर, पाय लोंबतायत, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. वाटलं, आता थोबाडीत देणार. द्यावी असंही वाटलं. तर ती म्हणते, "ताई, माफ करा. तुम्ही येऊन ऐकून जात होतात, मलाच भान नव्हतं. सासूबाई म्हणतात तेच खरं. माझ्याच पोटाचा दोष." पुढच्या तारखेला दावा मागे घेणार आहे.

मी काय केलं? काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "किती गोड आहे मुलगी."

१८ मार्च, बुधवार

नवऱ्याने विचारलं, "जिंकलात ना?" मी बाथरूमचं दार लावून बसले.

२७ मार्च, शुक्रवार

ती पुन्हा गरोदर आहे. पाचवा महिना. नाव नोंदवायला आमच्याकडेच आली! मेट्रन हसत होत्या — "बघ, दावा लावणारीच दारात आली." बाळंतपणाला हीच सिस्टर हवी, असं तिने रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लावलंय. हीच म्हणजे मी.

"घरून बजावलंय, या खेपेला तरी धड मूल दे," ती खाटेवर आडवी होता होता म्हणाली. "ठोके तुम्हीच ऐका ताई. तुम्ही ऐकलेत की मी निर्धास्त." ऐकले. एकशेचव्वेचाळीस, खरेखुरे. आकडा लिहिला तर तिने हात जोडले.

स्वतःची किळस आली. दुपारी डबा उघडलाच नाही.

३० मार्च, सोमवार

आज तिला बोलावून घेतलं. तपासणीच्या खोलीचं दार लावलं आणि सगळं सांगितलं. डबा, फोन, तिच्या दोन हाका, पाच खाने. कोर्टातही सांगेन म्हटलं.

ती ओरडली नाही. समोर येऊन उभी राहिली. मग विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

तिने पिशवी उचलली. "कोर्टाचं नंतर बघू. आधी आमच्या घरी चला. हे सासूबाईंसमोर सांगा."

बाहेर बाकावर थांबलीय. जाते.